बधिर झालेला हात आणि मनगटाची शस्त्रक्रिया

आपल्या व्यापारी समाजात मालाची निगा जितक्या दक्षतेने घेतली जाते, तितक्या दक्षतेने देहाची घेतली जात नाही, हे कोणीही मान्य करील. गव्हाच्या थप्पीच्या तळाशी थोडी ओल दिसली, तर आपण त्याच दिवशी हमाल लावून संपूर्ण थप्पी हलवितो; ते काम उद्यावर टाकीत नाही. परंतु रात्री दोन वाजता हाताला मुंग्या येऊन झोप मोडू लागली, पहाटे बोटे लाकडासारखी वाटू लागली, की 'वाताचा विकार आहे', 'वयोमानाने असे व्हावयाचेच' असे म्हणून आपण तेल चोळीत बसतो, आणि पाहता पाहता वर्षे निघून जातात. ज्या विकाराविषयी येथे चार शब्द लिहावयाचे आहेत, त्यात या निघून गेलेल्या वर्षांचीच किंमत सर्वांत मोठी द्यावी लागते. यास्तव संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारभाव व करविषयक लेखांच्या बरोबरीने या विषयासही थोडी जागा मिळावी, असे वाटले.

प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे किंवा डॉक्टरही नव्हे. धान्याचा घाऊक व्यापारी आहे. स्वतःच्या उजव्या मनगटावर ही शस्त्रक्रिया करून घेण्याचा योग आला, त्या निमित्ताने जे वाचले, डॉक्टरांना विचारून जे समजावून घेतले आणि प्रत्यक्ष जे अनुभवले, ते सदस्यबंधूंच्या व विशेषतः घरोघरच्या भगिनींच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मनगटातील बोगदा

या विकारास वैद्यकात 'कार्पल टनेल सिंड्रोम' असे नाव आहे. 'कार्पल' म्हणजे मनगटाचा आणि 'टनेल' म्हणजे बोगदा. मनगटात आठ लहान हाडे असून ती पन्हळीप्रमाणे वळणदार रचलेली आहेत. या पन्हळीच्या तोंडावर एक जाड व चिवट अस्थिबंध आडवा ताणलेला असतो. खाली हाडे व वर हा बंध, अशा रीतीने जी अरुंद वाट तयार होते, तोच हा बोगदा. बोटे व अंगठा मिटविणाऱ्या नऊ कंडरा याच वाटेने तळहातात जातात, आणि त्यांच्यासोबत 'मीडियन नर्व्ह' नावाची एक महत्त्वाची नस जाते. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अंगठ्याकडील अर्धी बाजू यांची स्पर्शजाणीव ही नस मेंदूकडे नेते, आणि अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, त्यातील बहुतेक स्नायूंना हीच नस चालना देते.

आम्हां बुऱ्हाणपूरकरांस बोगद्याची गोष्ट फार समजावून सांगावी लागत नाही. १६१५ च्या सुमारास, खानखाना अब्दुर्रहीम यांच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून शहराकडे आणण्यासाठी कुंडी भंडारा बांधला गेला. त्या भुयाराच्या भिंतींवर पाण्यातील क्षारांचे थर चढत गेले, की वाट अरुंद होते व प्रवाह मंदावतो. मनगटातही असेच घडते. कंडरांवरील आवरणास सूज आली किंवा शरीरात पाणी साचले, तर बोगद्यात दाटी होते. हाडे हलत नाहीत, वरचा बंध ताणला जात नाही, कंडरा दोरखंडासारख्या बळकट असतात. म्हणून सर्व दाब बिचाऱ्या मऊ नसेवर येतो. दाबामुळे नसेचा रक्तपुरवठा कमी पडतो आणि तिच्यातून जाणारे संदेश अडखळू लागतात.

लक्षणे कशी ओळखावी

या विकाराचे सर्वांत ठळक लक्षण म्हणजे रात्रीचा त्रास. झोपेत मनगट नकळत मुडपलेले राहते, बोगद्यातील दाब वाढतो आणि मुंग्या, जळजळ किंवा ठणका यांनी माणूस जागा होतो. मग तो उठून हात झटकतो किंवा खाटेखाली लोंबता सोडतो, आणि काही वेळाने बरे वाटते. हात झटकल्याने आराम पडणे ही इतकी नेमकी खूण आहे, की अनुभवी डॉक्टर तो प्रश्न प्रथम विचारतात. दिवसा वही लिहिताना, फोन कानाशी धरून बोलताना, मोटारसायकलीची मूठ धरली असता किंवा पोळ्या लाटताना बोटे बधिर होतात. पुढे हातातून पेला निसटतो, सदऱ्याची गुंडी लागत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही. सर्वांत शेवटी अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा ओसरून तेथे खळगा पडतो. ही अवस्था म्हणजे नसेचे बरेच नुकसान होऊन गेल्याची खूण समजावी.

करंगळी बहुधा या त्रासातून मुक्त असते, कारण तिची नस निराळ्या वाटेने जाते. तेव्हा करंगळीच अधिक बधिर असेल, तर कारण दुसरे शोधावे लागते. मानेच्या मणक्यांत नस दबल्यानेही हाताला मुंग्या येतात. दोन्ही हातांबरोबर दोन्ही पावलेही बधिर होत असतील, तर मधुमेह किंवा बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता यांचा संशय घ्यावा. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारात जवळजवळ नसते आणि दूध-दह्यात थोडेच असते. यास्तव आपल्या शाकाहारी कुटुंबांत त्याची रक्ततपासणी करून घेणे अगत्याचे आहे. आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. अंगावर फिकट वा लालसर चट्टा असून तेथे स्पर्श समजत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी तत्काळ करावी. त्यात लाज वाटण्याचे काही कारण नाही. त्या रोगावर खात्रीचे औषध असून ते सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते.

डॉक्टर मनगटाची परीक्षा साध्या रीतीनेही करतात. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींस लावून, म्हणजे नमस्काराच्या उलट स्थितीत, मनगटे एक मिनिट मुडपून धरावयास सांगतात. त्या अवधीत बोटांत मुंग्या आल्या, तर संशय बळावतो. मनगटावर नसेच्या जागी बोटाने टिचक्या मारूनही पाहतात. पुढे यंत्राच्या साहाय्याने नसेतून विद्युत्संदेश किती वेगाने जातो, हे मोजले जाते. त्यात बारीक झटके बसतात, परंतु भिण्यासारखे काही नाही. या मोजणीने नस कोठे दबली आहे व किती दबली आहे, याची कल्पना येते.

हा विकार कोणास होतो

हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांस पुष्कळ अधिक प्रमाणात होतो, आणि त्यातही मध्यम वयानंतर. मधुमेह, थायरॉइड ग्रंथीचे मंद काम, संधिवात, स्थूलपणा व मनगटाचे जुने अस्थिभंग ही त्याची ओळखीची कारणे होत. गर्भारपणात शरीरात पाणी साचल्यानेही तो होतो, परंतु प्रसूतीनंतर बहुधा आपोआप ओसरतो. पुष्कळ वेळा विशेष असे कोणतेच कारण सापडत नाही. जोर लावून तेच तेच काम करणारे व हातात कंप उत्पन्न करणारी यंत्रे वापरणारे यांच्यात तो अधिक आढळतो.

आता आपण आपल्याच भोवती पाहू. बुऱ्हाणपूर हे शतकानुशतके हातांच्या कामावर जगलेले गाव आहे. येथील कापड व जरीचे काम मोगलांच्या काळी दूरदेशी जात असे, आणि आजही यंत्रमागांचा खडखडाट गल्लोगल्ली ऐकू येतो. धाग्याची तुटलेली टोके चिमटीत धरून दिवसभर गाठी मारणारा कारागीर, दाभण व सुतळीने पोत्यांची तोंडे शिवणारा हमाल, आकडा खुपसून गोणी पाठीवर ओढणारा तोलाईदार, खतावणी लिहिणारा मुनीम, आणि घरी उन्हाळाभर पापड, शेवया व खाखरे लाटणाऱ्या माता-भगिनी: या सर्वांच्या अंगठ्यावर व मनगटावर आपला संसार चालतो. त्यांपैकी किती जण रात्री हात झटकीत बसतात, याची विचारपूस आपण सहसा करीत नाही.

या ज्ञानाचा इतिहास

या विकाराचे मर्म कळावयास वैद्यकास जवळजवळ शंभर वर्षे लागली. इंग्लंडातील सुप्रसिद्ध शल्यचिकित्सक सर जेम्स पॅजेट यांनी १८५४ साली एका रोग्याचे वर्णन केले. मनगटाजवळचे हाड मोडून जुळताना त्या जागी जाड झाले होते आणि त्याखाली नस दबली होती. त्याच्या अंगठ्यावर व पुढच्या दोन बोटांवर व्रण पडले, ते कशानेही भरेनात. मनगट अशा रीतीने बांधले की नसेवरचा दाब हटावा, तेव्हा व्रण भरून आले. हात पुन्हा कामाला लावताच ते परत उमटले. दाब हटला की हात सुधारतो, हे सत्य त्या एका हाताने त्याच वेळी दाखवून दिले होते.

१८८० साली अमेरिकेत बोस्टन येथील डॉ. जेम्स पुटनम यांनी ३७ रोग्यांची हकीगत प्रसिद्ध केली. त्यांतील बहुतेक स्त्रिया होत्या, त्रास रात्री होई आणि हात झटकल्याने वा लोंबता सोडल्याने कमी होई. पुढे १९१३ साली फ्रान्समध्ये पिएर मारी व शार्ल फ्वा यांनी एका वृद्ध स्त्रीच्या मृत्यूनंतर तिची मनगटे तपासली. अंगठ्याचे स्नायू झिजलेले होते, नस बंधाच्या वर फुगलेली व बंधाखाली बारीक झालेली होती. वेळीच निदान करून हा बंध कापला, तर पुढचा पांगळेपणा टळेल, असे त्यांनी सुचविले. दुर्दैवाने त्या सूचनेकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. अंगठा झिजलेल्या रोग्यांच्या दुखण्याचे मूळ मानेजवळ शोधले जाई, व कित्येकांच्या मानेवर शस्त्रक्रियाही होत.

१९३३ साली सर जेम्स लर्मंथ यांनी मनगटाचा बंध कापून नस मोकळी केल्याचे लिहिले. १९४७ साली लंडन येथील डॉ. रसेल ब्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सहा रोग्यांची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. त्या सहाही स्त्रियाच होत्या. त्यानंतर अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील डॉ. जॉर्ज फेलन यांनी १९५० पासून या विषयाचा पाठपुरावा केला आणि १९६६ साली १७ वर्षांतील ६५४ हातांचा अनुभव जगापुढे ठेवला. वर सांगितलेली उलट्या नमस्काराची परीक्षा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. जी गोष्ट १८५४ साली एका हाताने दाखविली होती, ती सर्वमान्य व्हावयास एवढा काळ गेला. आज ती सर्वमान्य आहे. म्हणून आजच्या रोग्याने वर्षे वाया घालविण्याचे प्रयोजन उरलेले नाही.

आपल्या देशात हाताच्या शस्त्रक्रियेचा पाया गरिबांच्या हातांवर घातला गेला, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांवर कंडरा बदलून त्यांना पुन्हा कामाचे केले. महाराष्ट्रात डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढवा येथे व पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच कार्य केले. बधिर हाताला चटका बसलेला समजत नाही, जखम समजत नाही, आणि म्हणूनच तो झिजत जातो, हे त्या रोग्यांच्या हातांनी डॉक्टरांस शिकविले. वेदना ही देहाची राखणदार आहे. ती नाहीशी झाली म्हणजे रोग गेला, असे समजणे धोक्याचे आहे. मनगटाच्या विकारातही मुंग्या थांबून नुसता बधिरपणा राहिला, तर ती सुधारणा नसून बिघाड असतो.

शस्त्रक्रियेपूर्वीचे उपाय

प्रत्येक बधिर हातास चाकू लावावा लागतो, असे मुळीच नाही. विकार नवा व सौम्य असेल, तर रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून झोपल्याने पुष्कळांस आराम पडतो. पट्टीने मनगट सरळ राहावे, मागे वा पुढे वाकलेले नसावे. मधुमेह व थायरॉइड यांवर योग्य उपचार करावेत. काही रोग्यांना डॉक्टर बोगद्याजवळ स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याने काही आठवडे किंवा महिने बरे वाटते, परंतु त्रास परत येण्याचा संभव असतो. शिवाय मधुमेही माणसाची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, तिकडे लक्ष ठेवावे लागते. तेल-मालिशीने दुखऱ्या स्नायूंस बरे वाटेल, पण ताणलेला बंध त्याने सैल होत नाही.

या उपायांनी काही महिन्यांत गुण आला नाही, बधिरपणा दिवसभर टिकू लागला, अंगठ्याचा जोर कमी झाला किंवा उंचवटा ओसरू लागला, तर शस्त्रक्रियेचा निर्णय लांबवू नये. स्नायू झिजू लागल्यावर पट्टीची वाट पाहणे म्हणजे भिजलेल्या थप्पीवर ताडपत्री घालणे होय.

शस्त्रक्रिया कशी करतात

ही शस्त्रक्रिया बहुधा केवळ जागा बधिर करून करतात. रोगी शुद्धीवर असतो, डॉक्टरांशी बोलू शकतो व त्याच दिवशी घरी जातो. तळहाताच्या मुळाशी सुमारे तीन-चार सेंटिमीटरचा छेद घेऊन आडवा बंध लांबीभर उघडतात, व नस मोकळी झाल्याची खात्री करून केवळ कातडीस टाके घालतात. हे सर्व पंधरा-वीस मिनिटांत आटोपते. कापलेल्या बंधाची टोके पुढे नव्या ऊतकाने जुळून येतात, परंतु छत पूर्वीपेक्षा सैल होते व बोगदा मोकळा राहतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपान व अमेरिकेतील शल्यचिकित्सकांनी दुर्बिणीच्या साहाय्याने लहान छेदातून हेच काम करण्याची पद्धत काढली. तिच्यामुळे कामावर थोडे लवकर परतता येते, परंतु वर्षअखेरचा परिणाम दोन्ही पद्धतींचा जवळपास सारखाच असतो. कोणती पद्धत घ्यावी, हे हातसवय असलेल्या शल्यचिकित्सकावर सोपवावे.

कोणतीही शस्त्रक्रिया सर्वस्वी निर्धोक नसते. जखम चिघळणे, व्रणाची जागा दीर्घकाळ हुळहुळी राहणे, बंध पूर्ण न कापला जाणे, क्वचित नसेस इजा होणे किंवा हात सुजून ताठरणे हे धोके आहेत. ते विरळा असले तरी डॉक्टरांस आधी विचारून घ्यावेत.

आपल्या कुटुंबांत आणखी दोन प्रश्न निघतात. पहिला टाक्यांचा. पूर्वी शस्त्रक्रियेत प्राण्यांच्या आतड्यापासून बनविलेली 'कॅटगट' नावाची दोरी सर्रास वापरीत. या शस्त्रक्रियेत कातडीचे टाके बहुधा नायलॉनचे, म्हणजे कृत्रिम धाग्याचे असतात. ज्यांच्या मनात शंका असेल, त्यांनी आधी विचारावे. डॉक्टर त्याचा राग मानीत नाहीत. दुसरा प्रश्न चौविहाराचा. सूर्यास्तानंतर काही न घेण्याचा नियम असणाऱ्यांनी वेदनाशामक गोळ्यांच्या वेळा आधीच डॉक्टरांकडून त्याप्रमाणे ठरवून घ्याव्यात. मधुमेहाचे औषध घेणाऱ्याने मात्र शस्त्रक्रियेच्या दिवसांत उपवास डॉक्टरांच्या संमतीशिवाय करू नये.

हात परत कसा येतो

पुढील हकीगत एका हाताची आहे. प्रत्येकाची तशीच असेल असे नाही. परंतु डॉक्टरांनी जो क्रम आधी सांगितला होता, त्याच क्रमाने ती घडली, म्हणून ती देत आहे.

पहिल्या दिवशी हात पट्टीत बांधून उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवला होता. बोटे मात्र त्याच सायंकाळपासून दर तासाला उघडावयाची व मिटावयाची होती. बोटे हलविली नाहीत, तर सूज साचून ती आखडतात. त्या रात्री टाक्यांचा ठणका होता, परंतु मुंग्यांनी जाग आली नाही. कित्येक महिन्यांनंतर अखंड झोप लागली. बहुतेक रोगी हेच सांगतात, की रात्रीचा त्रास सर्वांत आधी जातो.

बाराव्या दिवशी टाके निघाले. तोवर पट्टी कोरडी ठेवावयाची होती, त्यामुळे स्नान व पूजा यांत कुटुंबीयांची मदत घ्यावी लागली. तिसऱ्या आठवड्यात सही करता येऊ लागली. अक्षर वाकडे होते, पण आपले होते. जेवणाचा घास घेणे, माळेचे मणी ओढणे ही हलकी कामे तेव्हापासून सुरू झाली. जड वस्तू उचलण्यास सहा आठवडे मनाई होती.

यानंतरचा काळ कसोटीचा. दुसऱ्या महिन्यात पकड शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षाही कमी वाटते आणि तळहाताच्या मुळाशी दोन्ही बाजूंस दुखते. मंदिरात पंचांग प्रणिपात करताना तळहात जमिनीवर टेकला, की कळ येई. शस्त्रक्रिया फसली की काय, अशी शंका अनेकांच्या मनात याच वेळी येते. ती धरू नये. हे दुखणे बंध उघडल्याचा परिणाम असून साधारण तीन ते सहा महिन्यांत ओसरते, आणि पकडही बहुधा तीन महिन्यांच्या आसपास पूर्वपदावर येते.

सर्वांत सावकाश परत येतो तो स्पर्श. पोत्यात परखी खुपसून आलेला नमुना अंगठा व तर्जनी यांत चोळून दाण्याची ओल, कस व बारीक माती ओळखणे ही धान्यवाल्याची खरी विद्या. शस्त्रक्रियेपूर्वी ती विद्या त्या बोटांतून निघून गेली होती. डोळ्याने पाहून, दाताखाली दाणा फोडून काम भागवावे लागे. पाचव्या महिन्यात तुरीचा एक नमुना हातात घेतला असता बोटांना तिची ओल पुन्हा समजली. हे लहानसे सुख व्यापारी वाचकांस सांगितल्यावाचून राहवत नाही.

विलंबाची किंमत

याच्या उलट एक उदाहरण आमच्या नातेसंबंधातील एका वृद्ध भगिनीचे आहे. तिला हा त्रास दहा वर्षांहून अधिक काळ होता. घरातील कामात खंड पडू नये, मुलांना खर्चात पाडू नये, म्हणून तिने तो कोणास सांगितला नाही. शस्त्रक्रिया झाली तेव्हा अंगठ्याचा उंचवटा पूर्णपणे ओसरला होता. शस्त्रक्रिया उत्तम झाली. रात्रीची जळजळ गेली व झोप परत आली. परंतु अंगठा तर्जनीस नीट टेकत नाही. तिला नवकाराची माळ आता डाव्या हाताने फिरवावी लागते. डॉक्टर तेच, शस्त्रक्रिया तीच. फरक केवळ वेळेचा. दबलेली नस मोकळी करता येते, परंतु मरून गेलेला स्नायू कोणासही परत देता येत नाही.

आपल्या शास्त्रांनी बावीस परीषह सांगितले असून रोग हा त्यांतील एक आहे. तो समभावाने सहन करावा, हे मुनींच्या साधनेचे अंग आहे. परंतु सहन करणे निराळे आणि लपविणे निराळे. गृहस्थास औषधोपचार वर्ज्य सांगितलेला नाही. उलट चार दानांत औषधदानाची गणना केलेली आहे. ज्या हातांनी आहारदान द्यावयाचे, पूजा करावयाची, ते हात शाबूत ठेवणे हेही धर्मास धरूनच आहे. घरातील स्त्रियांच्या सोशिकपणाची आपण स्तुती करतो. त्या स्तुतीमुळेच कित्येकींची तोंडे बंद राहतात, हे लक्षात घ्यावयास हवे.

आपले कर्तव्य

शेवटी संस्थेच्या सदस्यांपुढे दोन नम्र सूचना ठेवतो. पहिली घरासाठी. येत्या पर्युषणात क्षमायाचनेसाठी आपण घरोघर जातो, तेव्हा वडीलधाऱ्या स्त्रियांस एक प्रश्न विचारावा: 'रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते काय?' उत्तर होकारार्थी आले, तर त्याच महिन्यात डॉक्टरांस हात दाखवावा.

दुसरी सूचना पेढीसाठी. व्यापाऱ्याने शस्त्रक्रिया करून घेतली, तर सहा आठवडे त्याचे मुलगे दुकान सांभाळतात. हमालाची शस्त्रक्रिया झाली, तर त्या सहा आठवड्यांची मजुरी कोण देणार? या एका विवंचनेपायी तो शस्त्रक्रियाच टाळतो, आणि काही वर्षांनी त्याच्या हातून दाभणही धरवत नाही. अशा माणसास तेवढा काळ निम्मी का होईना मजुरी द्यावी, व टाके निघाल्यावर पोती मोजणे, काट्याजवळ उभे राहून वजन सांगणे, गेटावर गाड्यांची नोंद पाहणे असे हलके काम द्यावे. संस्थेच्या धर्मादाय निधीतून याची सोय होऊ शकल्यास ते खऱ्या अर्थाने औषधदान ठरेल. ज्यांच्या हातांनी आपल्या थप्प्या उभ्या राहिल्या, त्यांच्या हातांचे ऋण आपल्या वहीत आजवर लिहिले गेलेले नाही. ते यंदाच्या वर्षापासून लिहिण्यास प्रारंभ व्हावा, अशी सर्व सदस्यबंधू-भगिनींस विनंती आहे.

जय जिनेंद्र.